कपाटातला उन्हाळा

आम्हा नागपूरकरांना उष्णतेबद्दल कोणी नव्याने काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. मार्च संपता संपता कूलर साफ होतात, त्यांची खस बदलली जाते, टाकीला रंगाचा एक हात बसतो आणि मग पाऊस येईपर्यंत घराघरातून तोच एक घरघराट. बाहेरगावचे पाहुणे मे महिन्यात आले (येऊ नयेच, पण लग्नं असतात ना!) की एक गोष्ट हमखास करतात. कूलर चालू दिसला की एसी असल्यासारखी खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात. थोड्याच वेळात खोलीत चिकचिक सुरू होते, अंगाला घाम सुटतो आणि मग घरातलं कोणीतरी उठून समोरची खिडकी उघडतं. बाहेरची हवा आत यायची तर आतल्या हवेला जायला वाट पाहिजे, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

हीच गोष्ट आमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या शोकेसला मात्र कोणी सांगितली नव्हती. मागे मी इथे टाकलेल्या एका फोटोत त्या शोकेसच्या वरच्या फळीला गोल जाळी दिसते. तो फोटो पाहून धाकट्या जावेचा फोन आला, "सागवानी शोकेसला भोकं कशाला पाडलीत हो ताई?" भाच्यानेही विचारलं. आपल्यापैकी दोघा-तिघांनी तर कळवलं की त्यांच्याकडेही असाच डबा कपाटात आहे आणि तो उन्हाळ्यात मध्येच बंद पडतो. म्हटलं, सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं. मी बी.ए. झालेली भूगोलाची मास्तरीण, इंजिनियर नव्हे. पण या सगळ्या प्रकरणात भूगोलच जास्त उपयोगी पडला. ते पुढे येईलच.

आधी डब्याबद्दल. २०१६ साली मुलाने टीव्हीला जोडायचा एक संगणक बनवून दिला. आडवा, जुन्या व्हीसीआरसारखा दिसणारा. हल्ली टीव्हीच्या पाठीमागे बोटाएवढी काडी लावली की सिनेमे दिसतात, मग हा डबा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. कारण आमच्याकडचं जे आहे ते कुठल्याच कंपनीच्या दुकानात मिळत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओ कॅसेट, लग्नं, मुंजी, आणि सत्तर-ऐंशी ऑडिओ कॅसेट. मुलाने आणि मी मिळून दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा खर्चून ते सगळं संगणकात भरलं. त्यात एक कॅसेट सासूबाईंची आहे. १९८३ साली वर्ध्याजवळच्या आमच्या गावी टू-इन-वनवर भरलेली. त्यात त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात. त्यांचा आवाज असलेली तेवढी एकच कॅसेट.

हा डबा कपाटात का गेला? पहिलं कारण धूळ. दुसरं पाली. (पाल संगणकात शिरून मेली की काय होतं ते मी इथे लिहीत नाही, जेवणानंतर वाचणारेही असतील.) आणि तिसरं, खरं कारण म्हणजे आवाज.

आमच्या ह्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. वयामुळे जो बहिरेपणा येतो त्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण स, श, त, फ असली अक्षरं गळून पडतात. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येणार, 'तूप' म्हटलं की 'रूप'. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, चांगली आहेत. पण यंत्राला कितीही अक्कल दिली तरी खोलीतला पंख्याचा घूं घूं आवाज ते पुरता गाळू शकत नाही. माणसाच्या बोलण्याबरोबर तोही थोडा मोठा होऊन कानात जातो. आपल्याला जो आवाज दोन मिनिटांनी जाणवेनासा होतो, तो त्यांना तासभर जाणवत राहतो. म्हणून डबा शोकेसच्या खालच्या कप्प्यात, दारं बंद. शोकेस होतं साडेचार फुटांचं, अठरा मिलिमीटर प्लायवर सागाचा पत्रा लावलेलं, पाठ भिंतीला टेकलेली, आणि दारं इतकी नेटकी की लावल्यावर फट दिसू नये. सुताराने जीव ओतून केलेलं काम.

आणि तिथेच गोम होती. दारं बंद, म्हणून आतली हवा तापते. हवा तापली की संगणकाचे पंखे जोरात फिरतात. ते जोरात फिरले की आवाज वाढतो, बंद दारांतूनही बाहेर येतो. आवाज येतो म्हणून दारं आणखी घट्ट लावायची! हिवाळ्यात हे फारसं कळायचं नाही. एप्रिल लागला की रोज संध्याकाळी अर्ध्या तासाने शोकेसमधून कणकेची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायचा. मे महिन्यात तर संगणक सिनेमाच्या मध्येच बंद पडायचा. एकदा नव्हे, आठवड्यातून दोन-तीनदा.

बंद पडण्याचं मला एवढं वाटत नव्हतं. पुन्हा सुरू करता येतो. पण हे हळूहळू उठून आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले होते. आधी "जरा पडतो" म्हणून, मग काही न सांगताच. ज्यांना कमी ऐकू येतं अशी माणसं घरात असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माणूस भांडत नाही, तक्रार करत नाही. गप्पांतून उठतो, मग जेवणाच्या टेबलावरून लवकर उठतो, आणि एक दिवस आपल्या लक्षात येतं की घरात आपण एकटेच बोलतोय. संध्याकाळी साडेसात ते नऊ एवढाच वेळ आम्ही दोघं एका सोफ्यावर बसून काही पाहायचो-ऐकायचो. तोही त्या घरघरीत चालला होता.

म्हणून मी याचा छडा लावायचं ठरवलं.

मुलाने पुण्याहून दोन वस्तू पाठवल्या. एक सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर आणि दोन डिजिटल थर्मामीटर, लांब वायरच्या टोकाला मणी असलेले. तो फोनवर म्हणाला, "आई, आधी मोज, मग काय ते ठरव." (हे वाक्य मी त्याला सातवीत प्रयोगवही लिहिताना सांगत असे, ते आठवून मला हसू आलं.)

मोजलं. सिनेमा चालू असताना संगणक घेतो ४८ वॅट. शेजारचा सेट टॉप बॉक्स १० वॅट. एकूण ५८, म्हणजे साठच धरा. आता यातली मजेची गोष्ट अशी की संगणक वीज खातो आणि त्या विजेचं काम करतो असं आपण म्हणतो, पण शेवटी ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. मिक्सरची, पंख्याची, सगळ्यांचीच गत तीच. म्हणजे त्या बंद कप्प्यात आम्ही रोज संध्याकाळी साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून दार लावून घेत होतो. तो जुना बल्ब ज्यांनी हाताने काढायचा प्रयत्न केलाय त्यांना त्याचा ताप आठवेल.

एका थर्मामीटरचा मणी खोलीत, दुसऱ्याचा कप्प्यात. संध्याकाळी सात वाजता खोलीत ३६ अंश (कूलर चालू असून), कप्प्यातही तेवढंच. नऊ वाजता खोली ३६, कप्पा ५४! अठरा अंश जास्त. संगणकाच्या आतल्या प्रोसेसरचं तापमान स्क्रीनवर पाहता येतं, ते नव्वदीच्या पुढे गेलेलं. या प्रोसेसरना स्वतःची काळजी घेता येते. शंभराच्या आसपास पोचले की आधी ते स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर सरळ बंद होतात. म्हणजे आमचा डबा बिघडलेला नव्हता. तो जीव वाचवत होता.

उष्णता बाहेर का जात नव्हती? कारण लाकूड. लाकडातून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून तर तव्याच्या, सांडशीच्या मुठीला लाकूड लावतात. प्लाय आणि साग मिळून छान पांघरूण झालं होतं.

आता उपाय. सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी म्हणालं प्रोसेसरवर मोठा पंखा बसवा, कोणी म्हणालं पाण्याने थंड करायची नळ्यांची यंत्रणा मिळते ती बसवा. पण थोडा विचार केला की लक्षात येतं, हे सगळे उपाय प्रोसेसरची उष्णता उचलून त्याच कप्प्यातल्या हवेत टाकणार. घरात धूर झालाय म्हणून चूल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यासारखं. कप्प्याची हवा बदलल्याशिवाय आतल्या कुठल्याच यंत्राला थंड करता येत नाही. उलट कप्प्यातली हवा चाळीस अंश असेल तर साधा पंखासुद्धा पुरतो.

किती हवा बदलायची? इथे थोडं गणित आहे, घाबरू नका, चौथीच्या पलीकडचं नाही. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. म्हणजे हजार लिटर हवेला एक अंशासाठी १२०० ज्यूल, दहा लिटर हवेला १२ ज्यूल. ती पाच अंश तापली तर ६० ज्यूल घेऊन जाईल. आणि साठ वॅट म्हणजे दर सेकंदाला साठ ज्यूल. झालं! दर सेकंदाला दहा लिटर हवा त्या कप्प्यातून गेली तर कप्पा खोलीपेक्षा फक्त पाच अंश गरम राहील. दहा लिटर म्हणजे आंघोळीची बादली अर्धीच. हे आकडे पाहून मला फार बरं वाटलं. मला वाटलं होतं वादळ आणावं लागेल, आणि लागणार होती झुळूक.

झुळुकीवरून भूगोल. खारे वारे आणि मतलई वारे मी तीस वर्षं शिकवले. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. रात्री उलट. नागपूरच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसायचा, म्हणून मी त्यांना त्यांच्याच गावाकडचं घर सांगायची. स्वयंपाकघराच्या छपराला धुराडं असतं, खाली दाराची फट असते, आणि चूल पेटली की धूर आपोआप वर जातो. कौलारू घरात तर कौलांच्या फटीफटीतून तापलेली हवा निघून जाते, वाड्यात मधल्या चौकातून. आपल्या जुन्या घरांना कोणी इंजिनियर लागला नव्हता, पण खालून गार आणि वरून गरम हा नियम त्यांनी बरोबर पाळला होता. मग शोकेसला तोच लावायचा.

ओळखीच्या सुताराला बोलावलं. तो माझ्या शाळेतलाच मुलगा, आता पन्नाशीचा. त्याला सांगितलं कुठे काय कापायचं. तो शोकेसकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "एवढ्या चांगल्या शोकेसले भोक कायले पाडता बाई?" मी त्याला धुराड्याचं सांगितलं. तो म्हणाला, "हे तं तुम्ही आमाले सहावीत शिकवलं होतं." मग निमूट कामाला लागला.

शोकेस चार बोटं उंच पायांवर आहे, ते बरंच झालं. डाव्या बाजूला तळाच्या फळीला बारा सेंटिमीटरचं एक गोल भोक आणि उजवीकडे मागे, वरच्या फळीला तेवढंच दुसरं. समोरासमोर नव्हे तर तिरपे. एकाच बाजूला खाली-वर ठेवली तर हवा त्याच कोपऱ्यातून सरळ वर निघून जाते आणि उरलेला कप्पा तसाच तापत राहतो. शिवाय शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं.

त्या संध्याकाळी पुन्हा मोजलं. खोली ३६, कप्पा ४६. पंखा नाही, खर्च जवळजवळ नाही, आणि आठ अंश उतरले! ज्यांचा डबा लहान आहे, तीस-एक वॅटच्या आतला, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पण आमच्यासाठी ते पुरेसं नव्हतं. धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर असते. विटांच्या भट्टीचं धुराडं उंच असतं ते उगीच नाही. आमचा कप्पा जेमतेम दीड फुटाचा, त्याची ओढ ती काय असणार! सेकंदाला अडीच-तीन लिटर हवा जात असेल, पाहिजे होती दहा.

म्हणून वरच्या भोकाला आतून एक पंखा लावला, हवा बाहेर फेकणारा. संगणकातच वापरतात तो बारा सेंटिमीटरचा, बारा व्होल्टचा. निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पंख्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो (तो बहुधा दर मिनिटाला घनफुटांत असतो, आपले सेकंदाला दहा लिटर म्हणजे साधारण २१ घनफूट) तो पंखा मोकळ्यावर ठेवला तरचा. जाळी, भोक, कोपरे आले की तो बराच उतरतो. म्हणून गरजेच्या दुप्पट आकड्याचा मोठा पंखा घ्यावा आणि तो सावकाश चालवावा. लहान पंखा जोरात चालवू नये. कारण पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो, म्हणजे जवळजवळ ऐकूच येईनासा होतो. हा सगळ्या प्रकरणातला सर्वात उपयोगी नियम. पंखा लाकडाला स्क्रूने आवळला नाही, रबराच्या खुंट्यांवर बसवला, नाहीतर अख्खं शोकेस तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घुमतं. वायर संगणकातूनच घेतली, म्हणजे तो सुरू झाला की पंखा सुरू, बंद झाला की बंद, आणि किती जोरात फिरायचं तेही संगणकच ठरवतो.

खोली ३६, कप्पा ४३. मला गणिताप्रमाणे एक्केचाळीस पाहिजे होते!

दोन अंश कुठे अडले ते शोधायला मी देवघरातली उदबत्ती आणली. ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांनी जपून करावा, पण हवेची वाट दाखवायला उदबत्तीइतकं स्वस्त यंत्र नाही. हॉलमधला दिवा मालवला, ह्यांच्या हातात टॉर्च दिला आणि दार किंचित उघडून उदबत्ती आत धरली. खालच्या भोकापाशी धूर झपकन आत ओढला जात होता, वरच्या भोकाने बाहेर जात होता, सगळं छान. पण संगणकाच्या पाठीमागे धरली तर धूर वर न जाता डब्याच्या कडेने वळसा घालून पुढे येई आणि त्याच्याच तोंडातून पुन्हा आत शिरे. म्हणजे डबा स्वतःचीच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा घेत होता. हे म्हणाले, "डोक्यावर गोधडी घेऊन झोपल्यासारखं करतोय तो." अगदी तेच!

उपाय फुकटात झाला. कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याचा एक पडदा कापून डब्याच्या वर आणि दोन्ही कडांना असा लावला की पुढची हवा पुढे, मागची मागे. दाराच्या फटींना आतून फेल्टची पट्टी चिकटवली, म्हणजे हवा फक्त खालच्या भोकातूनच येईल. तिथे बारीक जाळी बसवली, धूळ, झुरळं आणि पाल यांच्यासाठी. पुन्हा मोजलं. खोली ३६, कप्पा ४१. मग मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने डबा उघडून आतली धूळ ब्रशने काढली आणि प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. त्यानंतर प्रोसेसर सत्तरीच्या पुढे गेलेला मी पाहिला नाही.

आणि आवाज? एक पंखा वाढवूनही आवाज कमी झाला. कारण कप्प्यातली हवा गार म्हटल्यावर डब्यातले दोन लहान पंखे, जे गिरणीसारखे फिरायचे, ते आता जेमतेम फिरतात. दारं बंद असताना सोफ्यावर बसून मला तर काहीच ऐकू येत नाही. पण माझ्या कानांचा प्रश्नच नव्हता.

पहिले काही दिवस मी ह्यांना काही विचारलं नाही. जुने सिनेमे लावत राहिले. तेही बसत राहिले, नऊपर्यंत. मग एका रविवारी त्यांनीच सासूबाईंची कॅसेट लाव म्हणून सांगितलं. ती आम्ही पूर्वी कितीदा तरी ऐकलेली, आधी टू-इन-वनवर, मग संगणकावर. निम्म्यावर आली असेल, आणि त्यांनी हात वर केला. "थांब. पुन्हा मागे घे." घेतलं. पुन्हा ऐकलं. म्हणाले, "मागे जातं ऐकू येतंय."

मी कान दिला. खरंच होतं. आवाजाच्या खाली, अगदी मंद, दगडावर दगड फिरल्याची घरघर. एका ओवीच्या शेवटी ती थांबते, बहुतेक पाळूत दाणे टाकायला, आणि पुन्हा सुरू होते. टू-इन-वनच्या लहानशा स्पीकरमधून हा इतका खालचा आवाज येणं शक्य नव्हतं. आणि संगणकावर लावली तेव्हा त्याच पट्टीत आमचे पंखे घुमत असायचे, त्याखाली तो बुडून जायचा. खालच्या पट्टीतलं ह्यांना अजून चांगलं ऐकू येतं, त्यामुळे ते माझ्याआधी त्यांनाच सापडलं. इतकी वर्षं आमचा समज असा की भाच्याने टेप पुढे ठेवल्यावर सासूबाईंनी नुसत्या बसून ओव्या म्हणून दाखवल्या. "नाही गं," हे म्हणाले, "आई खरंच दळत होती." मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात नणंदेला फोनवर ते ऐकवलं, तर तिने जातं कुठल्या खोलीत होतं, तिथून गाईचा गोठा कसा दिसायचा, इथपासून सुरुवात केली. तो फोन तास-दीड तास चालला आणि बोलत होते हे.

असो. आता ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी थोडं राहिलेलं.

वरच्या भोकावर काही ठेवू नका. आपल्या घरांतून शोकेसची वरची फळी रिकामी राहू शकत नाही, हा निसर्गनियम आहे. क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, त्यामागे नातवाचा फोटो. मी तिथे मुद्दाम उंच कडेची पितळी जाळी बसवली आहे, म्हणजे काही ठेवायला गेलं तर ते कलंडतं.

जाळी महिन्यातून एकदा झटका. उन्हाळ्यात कूलरचं पाणी ज्या दिवशी बदलता त्याच दिवशी करा, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे बंद खिडकीच. पावसाळ्यात दमट हवा आत जाईल म्हणून भोक झाकू नका. चालू संगणक खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही.

उष्णतेने हार्ड डिस्क लगेच मरतात असं सगळे सांगतात. ते तितकंसं सरळ नाही. गूगलच्या इंजिनियरांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यांना तापमान आणि बिघाड यांचा संबंध वाटला होता तेवढा घट्ट आढळला नाही. फार जास्त तापमानात आणि जुन्या झालेल्या डिस्कमध्ये मात्र तो दिसला. आमची डिस्क जुनीच, आणि ५४ अंशांच्या कप्प्यात ती त्याहून गरम असणार. बहुतेक डिस्कना बनवणारे साठ अंशांची मर्यादा देतात, म्हणजे आम्ही कडेवरच होतो. दुसरं, संगणकाच्या बोर्डावर जे छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर असतात त्यांचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा त्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे तेरा अंश उतरवले त्यात डब्याचं वय दुपटीहून वाढलं म्हणायचं.

पण कप्पा गार ठेवला म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं नाही. डिस्क ती डिस्क, कधीतरी जाणारच. सासूबाईंच्या कॅसेटच्या आता चार प्रती आहेत. एक आमच्याकडे, एक मुलाकडे, एक नणंदेकडे, आणि एक पेनड्राइव्हवर, बँकेच्या लॉकरमध्ये, बांगड्यांच्या डबीत.

मुलगा म्हणतोय आता पंखाच नसलेला, दहा-बारा वॅटचा तळहाताएवढा संगणक मिळतो, हा मोडीत काढू. काढू तेव्हा काढू. भोकं आहेतच, त्यालाही उपयोगी पडतील. नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो, त्याआधी एकदा आपापलं शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून बघा. तेवढ्यानेही फरक पडतो. आणि किती अंश उतरले ते मोजून मला जरूर कळवा. मोजल्याशिवाय लिहाल तर मार्क कापीन!